‘ओळख पटली नाही’ असे मी म्हटले नव्हते

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या पंधरवड्यात ‘लोणच्याच्या बरणीवर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा रोहू, तज्ज्ञही चक्रावले’ अशा मथळ्याची बातमी छायाचित्रासह आली होती. ती एका घरातल्या दगडी पाटीवरील माशाच्या जीवाश्माविषयी होती. त्या मथळ्यातील तज्ज्ञ, आदरार्थी बहुवचन धरले तरी, मी एकटीच होते आणि मी चक्रावले नव्हते. बातमीदाराने माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, चहा घेतला आणि उठताना विचारले, ‘मग मॅडम, हा नक्की कोणता मासा म्हणायचा?’ ‘कुळापर्यंत जाता येत नाही,’ असे मी उत्तर दिले (कुळ ही वर्गीकरणातली गणाच्या खालची आणि प्रजाती-जातींच्या वरची पायरी). ते ‘ओळख पटली नाही’ असे छापून आले. वाचणाऱ्याला ही दोन वाक्ये सारखीच वाटतील, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे हे मला कळते. पण चिरडलेल्या माशाविषयी थोडक्यात लिहिले की काय होते, ते आपण पाहिलेच.

मी या शहरातील एका महाविद्यालयात ३१ वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. माझा विषय मासे, तेही बहुतेक जिवंत किंवा बाटलीतले. जीवाश्मांची अधिकारी म्हणवून घेण्याचा माझा दावा नाही. मात्र माशाचा सांगाडा कुठून कुठपर्यंत वाचता येतो आणि कुठे वाचणे थांबवावे लागते, एवढे मला समजते. पावसात भिजलेल्या पाकिटावर ‘सोलापूर, उत्तर कसबा’ इतके दिसत असेल आणि घर क्रमांक फिसकटला असेल, तर पोस्टमन ‘पत्ताच नाही’ असे म्हणत नाही, आणि समोर दिसेल त्या पहिल्या दारातही पत्र टाकत नाही. मी उत्तर कसब्यापर्यंत पोचले होते. बातमीने एकीकडे मला शहराबाहेर नेऊन सोडले आणि दुसरीकडे पत्र थेट रोहूच्या दारात टाकले.

आता वस्तूविषयी. एका सहावीतल्या मुलाने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडलेली ही दगडी पाटी सुमारे १९ सेंटिमीटर लांब, १२ रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड आहे. रंग पिवळट राखाडी, कण इतके बारीक की बोटाला खडूसारखे लागतात. तिच्यावरील मासा, म्हणजे त्याचा जेवढा भाग उरला आहे तो, साडेअकरा सेंटिमीटर भरतो. पुढच्या टोकाला तपकिरी चिखल वाळल्यासारखा एक डाग आहे, तेच डोके. मागे शेपटीचा पर सुरू होतो न होतो तोच पाटी तुटली आहे. मधला भाग मात्र बराच बरा आहे. आपण छापलेले छायाचित्र उलटे होते, मासा पाठीवर पडल्यासारखा दिसत होता. त्यात मी कोणाला दोष देत नाही, कारण डोके नसलेल्या माशाची वरची बाजू कोणती हे बरगड्या कोणीकडे वळल्या आहेत ते पाहूनच ठरवावे लागते, आणि त्या भिंगाशिवाय दिसत नाहीत.

ही पाटी त्या मुलाच्या पणजोबांनी रेल्वेच्या नोकरीत असताना आणली. गेली पन्नासएक वर्षे ती कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर, फडक्याच्या वर, वजन म्हणून राहिली. दरवर्षी खंडेनवमीला पणजोबांच्या पान्या-हातोड्यांबरोबर तिचीही पूजा होई, तिला गोडेतेल लागे, हळद-कुंकू वाहिले जाई. पणजीबाईंनी हे मला मोठ्या मायेने सांगितले, आणि त्या मायेपोटीच ती पाटी फुटली नाही, हरवली नाही, हेही खरे. परंतु त्या तेलाने दगड काळसर झाला आणि हाडांचा मूळ तपकिरी रंग व आजूबाजूचा रंग यांतला फरक निम्म्याने गेला.

बातमीत ज्यावर फार भर होता तो ‘पोटाखालचा स्पष्ट पर’ इथेच सांगून टाकते. नोटा तपासायला दुकानदार वापरतात तसली जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी घेऊन मी ती पाटी अंधाऱ्या खोलीत पाहिली. जुन्या हाडांतील फॉस्फेटयुक्त खनिजे अशा अतिनील प्रकाशात पुष्कळदा मंद चमकतात आणि उघड्या डोळ्यांना न दिसणारे बारीक काटे उठून दिसतात. मणके फिकट चमकले. पोटाखालचा तो पर मात्र लख्ख हिरवट पिवळा उजळला. असा उजाळा हळदीतल्या कुरकुमिनला येतो. सुईच्या टोकाने त्यातला कण काढून ओल्या टिपकागदावर ठेवला आणि सोड्याचे पाणी लावले, तो लाल झाला. दगडावर पूर्वी कधीतरी उमटलेल्या एका ओरखड्यात पन्नास वर्षांची हळद बसली होती आणि तिला परासारखा आकार आला होता. ज्या एका खुणेवरून हा मासा कोणत्या गणातला असावा याचा अंदाज बांधता आला असता, ती खूण खंडेनवमीची निघाली.

मग उरते काय? बरेच काही उरते, आणि ते बातमीत आले नाही.

पहिला प्रश्न, हा मुळात प्राणी आहे का. गंमत म्हणून विचारत नाही. चुनखडीच्या पापुद्र्यांमध्ये मँगनीजची खनिजे झिरपून नेचाच्या पानासारख्या काळ्या नक्ष्या तयार होतात, आणि दरवर्षी कोणीतरी त्या जीवाश्म म्हणून घेऊन येते. पण त्या फांद्या जाड-बारीक, कुठेही फुटणाऱ्या असतात. इथे एका ओळीत, सारख्या अंतरावर, कमरेला बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद, डमरूसारखे मणके आहेत. मागून मोजत आले तर २६ स्पष्ट आणि २७ वा अर्धा. पुढचे डागाखाली गेले आहेत आणि मागचे पाटीबरोबर तुटले आहेत. म्हणजे एकूण मणके किती, या प्रश्नाचे उत्तर ‘२६ हून अधिक’ एवढेच. कोणत्याही माशाच्या कुळाच्या वर्णनात मणक्यांची संख्या महत्त्वाची असते आणि ती इथे दोन्ही टोकांनी कापली गेली आहे.

मणके आणि बरगड्या हाडाच्या आहेत, त्यामुळे शार्क-मुशीची शक्यता संपली. पाठीवरच्या परात अंगात रुतलेल्या १४ आधारकाड्या आणि त्यांच्यावर पराला ताणून धरणारी १२ किरणे मोजता येतात. शेवटच्या दोन काड्यांवरची किरणे गळून गेली आहेत, पण बाकी प्रत्येक काडीवर एक किरण असा चोख हिशेब आहे. हा हिशेब फार बोलका असतो. स्टर्जनसारख्या जुन्या धाटणीच्या किरणपर माशांत किरणे आधारांपेक्षा पुष्कळ जास्त असतात; एकास एक ही व्यवस्था पुढच्या, निओप्टेरिजी म्हटल्या जाणाऱ्या गटाची खूण आहे. त्या एका मोजणीने आपण माशांच्या वंशवृक्षाचे एक मोठे खोड मागे टाकतो.

पुढे, कण्याच्या वर तिरपे पडलेले केसासारखे बारीक काटे आहेत, त्यांतले तीन-चार एका टोकाला दुभंगलेले. उजनीची मासळी ज्यांच्या घरात शिजते त्यांना हे काटे सांगायला नकोत: रोहू खाताना घशात अडकतात ते हेच, आणि मरळ पाहुण्यांना निर्धास्त वाढता येते ती हे काटे फारसे नसल्यामुळे. बरगड्यांशी यांचा संबंध नाही. ते स्नायूंच्या पडद्यांत तयार होतात, आणि टेलिओस्टी या गटाचे ते वैशिष्ट्य आहे. आज आपल्याला माहीत असलेले बहुतेक सगळे मासे याच गटात येतात. पाठीच्या परामागे खवल्यांचा एक नाण्याएवढा तुकडा टिकला आहे. खवले पातळ, गोलसर, आत वर्तुळे असलेले आहेत. मीनाकाम केल्यासारखे चौकोनी, जाड, चकचकीत खवले असते तर गोष्ट वेगळ्या दिशेला गेली असती. मात्र त्या खवल्यांची मागची कड गुळगुळीत होती की दातेरी, हे सांगता येत नाही, कारण नेमकी तीच कड प्रत्येक खवल्यावर झिजलेली आहे.

तेव्हा माझे उत्तर असे होते: अस्थिमत्स्य, किरणपर, निओप्टेरिजी, आणि काट्यांच्या आधारे टेलिओस्टी, गण, कुल, प्रजाती व जाती अनिश्चित. याला ‘ओळख पटली नाही’ कसे म्हणता येईल?

रोहूचे म्हणाल तर तो आणि त्याचे सगळे भाऊबंद ओळखायचे दोन पक्के पुरावे डोक्यात आणि मानेत असतात. जबड्यात दात नसून घशातल्या हाडावर दात असणे, हा एक. दुसरा म्हणजे पहिल्या चार मणक्यांपासून बनलेली छोट्या हाडांची साखळी, जी हवेच्या पिशवीला बसलेला आवाजाचा हादरा कानापर्यंत पोचवते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वेबर यांनी १८२० मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. आमच्या पाटीवर घसा नाही आणि पहिले चार मणके त्या तपकिरी डागाखाली आहेत. साधारण बांधा रोहूसारखा दिसतो, हे खरे. पण तसा बांधा पाण्यात पोहणाऱ्या शेकडो माशांना आहे, कारण पाणी सगळ्यांना सारख्याच आकारात घासते. जाता जाता सांगते, रोहू हा मुळात उत्तरेकडच्या नद्यांचा मासा असून आपल्या उजनीत तो मत्स्यबीज सोडल्यामुळे आला. सोलापूरकरांनी त्याला इतके आपले मानावे की कोट्यवधी वर्षे मागे जाऊन त्याला इथला करावे, याचे मला कौतुकच वाटले.

पाठीच्या पराचा पहिला किरण इतरांपेक्षा जाड आहे, त्यावरून हा काटेरी पराच्या माशांपैकी, म्हणजे चिलापीच्या बाजूचा, असावा असे एका उत्साही विद्यार्थिनीने मला सुचवले. विचार चांगला होता. खरा काटा अखंड असतो, मऊ किरणाला बांबूसारखे सांधे असतात. भिंगाखाली त्या जाड किरणात सांधा दिसला नाही. परंतु तो मुळापासून फक्त चार मिलिमीटर शिल्लक आहे, आणि मऊ किरणाचाही मुळाकडचा भाग बिनसांध्याचाच असतो. म्हणजे सांधा नाही, की सांधा असलेला भाग उरला नाही? खराब जीवाश्माच्या वर्गीकरणातला सगळा अवघडपणा ‘नाही’ आणि ‘उरले नाही’ यांच्या मधल्या फटीत असतो. हेरिंगच्या कुळातील माशांना पोटाच्या कडेला करवतीसारखे कवचकाटे असतात. आमच्या माशाला ते दिसत नाहीत, पण पोटाची कडच दिसत नाही. मग तो हेरिंगच्या कुळातला नव्हे, असे म्हणायचा मला काय अधिकार?

ही फट किती फसवी असते हे इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये एका किळसवाण्या पण फार उपयोगी प्रयोगातून दाखवले. त्यांनी लॅम्प्री हा बिनजबड्याचा मासा आणि अँफिऑक्सस हा माशांचा दूरचा साधा नातेवाईक, असे दोन प्राणी पाण्यात कुजू दिले आणि कोणता अवयव कधी नाहीसा होतो याची नोंद ठेवली. अवयव वाटेल त्या क्रमाने गेले नाहीत. त्या त्या गटाला वेगळे ओळखू आणणाऱ्या, उत्क्रांतीत उशिरा आलेल्या खुणा आधी कुजल्या, आणि सगळ्यांना सामाईक अशा जुन्या खुणा शेवटपर्यंत राहिल्या. परिणाम असा की प्राणी जितका अधिक कुजलेला, तितका तो वंशवृक्षावर आहे त्याहून खालच्या फांदीवरचा वाटतो. तो प्रयोग मऊ शरीराच्या प्राण्यांवरचा होता, आमचा मासा हाडांचा आहे, तेव्हा तो क्रम इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी सावध व्हायला तो पुरेसा आहे. उन्हाळ्यात तलावाकाठी मेलेली मासळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असते की पोट फुगते, फुटते, आणि बरगड्यांचा व पोटाखालच्या परांचा पत्ता प्रथम लागेनासा होतो. डोक्याची हाडे सैल जोडलेली, तीही लवकर विखुरतात. पाठीचा कणा मात्र दिवसेंदिवस पडून असतो. आमच्या पाटीवर नेमके हेच उरले आहे.

नावे देण्याची घाई हा काही आपल्या बातमीदाराचा खास दोष नाही. मोठमोठ्यांना तो लागला आहे. स्कॉटलंडमधील अकानारस येथील दगडाच्या खाणीत सापडणाऱ्या पॅलिओस्पाँडिलस नावाच्या काही सेंटिमीटरच्या माशाचे वर्णन १८९० मध्ये रॅमसे ट्रॅक्वेअर यांनी केले. तेव्हापासून त्याला बिनजबड्याच्या माशांत, फुफ्फुसमाशाच्या पिल्लांत, अशा कितीतरी ठिकाणी बसवून झाले. २०२२ मध्ये जपानी संशोधकांनी अतिशय शक्तिशाली क्ष-किरणांनी त्याच्या कवटीचे चित्रण करून तो चतुष्पाद प्राण्यांच्या पूर्वजांजवळचा असल्याचे मांडले, आणि त्यावरही लगेच हरकती आल्या. त्याचे शेकडो नमुने उपलब्ध आहेत. आमच्याकडे एक आहे आणि त्याला डोके नाही.

घरातलेच उदाहरण हवे असेल तर भीमबेटकाचे घ्या. तिथल्या एका गुहेच्या छताजवळ सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या प्राण्याचा ठसा सापडल्याचे २०२१ मध्ये एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी ते पहिल्या पानावर उचलले. दोन वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी जाऊन पाहिले, तर तो ठसा दगडावरून निखळत चालला होता आणि त्यात मेण होते: आग्या मोहोळाचे पडलेले पोळे. मूळ लेखकांनी चूक मान्य केली, हे त्यांच्या मोठेपणाचे. ती दुसरी बातमी किती ठिकाणी पहिल्या पानावर आली, ते आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

आपल्या दख्खनशी जवळचा आणखी एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. कर्नल सायक्स या मुंबई सरकारच्या अधिकाऱ्याने भीमेसह दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा करून १८३९ च्या सुमारास त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. कोळ्यांच्या तोंडची नावे ऐकून त्यांनी जातींना खुद्री, कोळूस अशी लॅटिन लेबले लावली, आणि ती आजही चालतात. याच सायक्स यांनी १८५१ मध्ये ‘दख्खनच्या पठारावरील’ एका अश्मीभूत माशावर लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेत निबंध मांडला; त्यातले नमुन्याचे वर्णन सर फिलिप एगर्टन यांचे. तो मासा प्रत्यक्षात सिरोंच्याजवळच्या कोटा येथील चुनखडीतला, ज्युरासिक काळातला. त्याला लेपिडोटिस डेक्कनेन्सिस असे नाव मिळाले. त्यातले ‘डेक्कनेन्सिस’ वाचून आपल्या काळ्या खडकातून मासे निघतात असे समजणारे पदवीधर मी पाहिले आहेत. आणि ‘लेपिडोटिस’ या नावाची तऱ्हा अशी की जाड, चौकोनी, चकचकीत खवल्यांचा जो मासा नीट ओळखू येईना तो जगभर त्या नावाखाली टाकला गेला, जसे दुकानाच्या वहीत ज्याचा हिशेब लागत नाही ते सगळे ‘किरकोळ’मध्ये जाते. अलीकडच्या अभ्यासकांना ते खाते उपसून एकेक नोंद पुन्हा लावावी लागली.

आमच्या पाटीच्या वयाचे काय? साडेसहा कोटी हा आकडा बहुधा सोलापूरच्या जमिनीवरून आला असावा. आपण ज्या काळ्या पाषाणावर राहतो तो लाव्हारस साधारण तेवढ्याच काळापूर्वी ओतला गेला, यात चूक नाही. पण पायाखालच्या खडकाचे वय घरातल्या दगडाला लागू होत नाही. ही पाटी काळ्या पाषाणाची नाही. मागच्या बाजूला सौम्य आम्लाचा एक थेंब टाकला तर ती फसफसते, म्हणजे तिच्यात चुना आहे. फसफसणारा दगड म्हटला की सोलापुरात प्रथम शहाबादी फरशी आठवते, आणि प्रदर्शनात कोणीतरी तसे म्हणालेही. शहाबादी चुनखडी मासे अस्तित्वात येण्याच्या फार पूर्वीची आहे, तेव्हा ती वगळता येते. पणजोबांची काही वर्षे बल्लारशाला नोकरी झाली होती आणि पाटी ‘चांद्याकडची’, म्हणजे चंद्रपूरकडची, असे घरात म्हणतात. ते खरे धरले तर दोन ठिकाणे डोळ्यांसमोर येतात. एक कोटा, पण तिथले प्रसिद्ध मासे चौकोनी जाड खवल्यांचे आहेत, आमच्या माशाचे खवले तसे नाहीत. दुसरे वरोऱ्याजवळचे डोंगरगाव, जिथल्या लॅमेटा नावाच्या गाळाच्या थरांतील माशांचे वर्णन लंडनच्या आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये केले आणि त्यातल्या एकाला नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून ‘इओसेरॅनस हिस्लोपी’ असे नाव दिले. तेच हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे. (तेच वुडवर्ड, जे पुढे १९१२ मध्ये पिल्टडाउन येथे माणसाचा पूर्वज म्हणून पुढे आणलेल्या बनावट कवटीला फसले, ती लबाडी १९५३ पर्यंत उघडी पडली नाही. माशांत मात्र त्यांचा हात धरणारा त्या काळी कोणी नव्हता.)

डोंगरगाव ही माझ्या मनातली अटकळ आहे. अटकळ एवढ्यासाठीच की दगड कुठून निघाला याची कागदावर एकही नोंद नाही. वय दगडाच्या थरावरून ठरते आणि थर जागेवरून. घरातली आठवण ही जागा नव्हे. एवढी अटकळ मनात धरून जरी मी त्या माशाला हिस्लॉपचे नाव चिकटवले असते, तरी पुढचा माणूस ‘सोलापूरच्या बाईंनी हिस्लोपी म्हटले आहे, म्हणजे दगड डोंगरगावचाच’ असे म्हणाला असता, आणि त्यानंतरचा ‘दगड डोंगरगावचा, म्हणजे मासा हिस्लोपीच’. दोघे एकमेकांच्या खांद्यावर उभे, आणि खाली जमीन नाही.

अशा वेळी वापरायला अभ्यासकांनी काही खुणा ठरवून ठेवल्या आहेत. नावाआधी ‘सीएफ’ लिहिले की ‘याच्याशी ताडून पाहा’ असा अर्थ होतो. ‘आफ’ लिहिले की ‘याच्या जवळचा, पण हा नव्हे’. आणि ‘इनसर्टी सेडिस’ म्हणजे ‘जागा अनिश्चित’. पुराव्याची कड जिथे आहे तिथे मारलेल्या या रेघा आहेत. खवल्यांचे तुकडे घेऊनही चोख काम करता येते: सुंदरलाल होरा यांनी १९३८ मध्ये मध्य प्रांतातील देवथान व खेरी येथील लाव्हाच्या थरांमधल्या गाळातून मिळालेल्या सुट्या खवल्यांवर निबंध लिहिला. त्यांच्याकडे ठिकाण पक्के होते आणि खवल्यांच्या कडा शाबूत होत्या.

आपण दुरुस्ती छापणार असाल तर मजकूर एवढाच असावा: ‘टेलिओस्टी गटातील मासा; गण, कुल, प्रजाती व जाती अनिश्चित; मूळ ठिकाण व वय अज्ञात.’ शाळेतल्या पुठ्ठ्यावरचे ‘रोहू’ खोडून त्या मुलाने आपल्या हाताने हे लिहिले आहे, आणि ‘अनिश्चित’मधला ‘श्चि’ त्याला तीनदा गिरवावा लागला.

आता या पत्राचा खरा हेतू. पाटीचा चेहरा ज्या प्रकारे उकलला आहे त्यावरून स्पष्ट दिसते की हा दगड माशाच्या अंगातूनच, पापुद्र्यासारखा, दोन भागांत फुटला होता. अशा दगडाचा प्रत्येक अर्धा म्हणजे दुसऱ्याचा आरसा असतो. एका बाजूला हाड चिकटून राहते तिथे दुसऱ्या बाजूला खळगा राहतो. आमच्या अर्ध्यावर डोक्याच्या जागी डाग आहे तो बहुधा यामुळे, की कवटीची हाडे दुसऱ्या अर्ध्याबरोबर निघून गेली. पणजीबाईंना आठवते की दगड पणजोबांना एकट्याला मिळाला नव्हता. त्यांच्याबरोबर फिटर असलेले कुर्डुवाडीचे एक गृहस्थ होते. दोघांनी मिळून तो फोडला आणि ‘अर्धा तुला, अर्धा मला’ म्हणून वाटून घेतला. ते गृहस्थ आता नाहीत, त्यांची मुले कुठे स्थायिक झाली हे कोणाला माहीत नाही.

कुर्डुवाडी, माढा, बार्शी या भागातील वाचकांपैकी कोणाच्या घरी, रेल्वेत असलेल्या आजोबांनी आणलेली, पिवळट राखाडी रंगाची, साधारण वहीच्या पानाएवढी दगडी पाटी देवघरात, दाराच्या उंबऱ्यापाशी किंवा कुठल्या बरणीवर असेल, तर तिची उजवी वरची कड पाहावी. आमच्या पाटीच्या डाव्या वरच्या कोपऱ्याला अंगठ्याच्या नखाएवढा अर्धगोल टवका गेला आहे. तिथे जोडीचा टवका किंवा तेवढाच उंचवटा दिसायला हवा. ती धुऊ नये, तेल लावू नये, ब्रशने घासू नये. कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या कार्यालयात आणून द्यावी, आणि आणणाऱ्याने आजोबांची बदली कोणत्या साली कुठे होती एवढे एका चिठ्ठीवर लिहावे. पणजीबाईंनी त्यांचा अर्धा नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाकडे तपासणीला पाठवण्यास संमती दिली आहे. त्यांची अट एकच आहे, खंडेनवमीच्या आत तो परत यावा. तेल लावणार नाही, असे त्यांनी मला कबूल केले आहे, हळदीचे मात्र बघू म्हणाल्या.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका
सोलापूर